तेच आणि तसेच

‘नवा पासवर्ड जुन्या पासवर्डशी फार मिळताजुळता आहे, दुसरा निवडा.’ ही सूचना कधी ना कधी सगळ्यांनीच वाचली असेल. आपण चरफडतो, शेवटचा आकडा बदलतो आणि पुढे जातो. पण हे वाक्य इतक्या सहज सोडून देण्यासारखे नाही. जबाबदार संकेतस्थळ आपला पासवर्ड साठवत नाही, त्याचा हॅश साठवते, असे आपल्याला सांगितलेले असते. हॅश म्हणजे पासवर्डावर एक गणिती प्रक्रिया करून निघालेली ठरावीक लांबीची आकड्या-अक्षरांची माळ. तिच्यावरून मूळ पासवर्डाकडे परत जाण्याचा रस्ता नसतो. मग आजचा पासवर्ड कालच्यासारखा आहे, हे त्या संकेतस्थळाला कळते कसे?

या प्रश्नाच्या मागे गेले की एक मोठी गोष्ट हाती लागते. दोन वस्तूंमधला सारखेपणा ज्याला ओळखता येतो, त्याच्यापाशी त्या वस्तूंबद्दलची काही ना काही माहिती असतेच. साम्य ओळखून दाखवीन आणि मूळ गोष्टीबद्दल काहीही कळू देणार नाही, अशी दोन्ही वचने पूर्णपणे पाळता येत नाहीत. जितके साम्य ओळखले जाईल, तितके गुपित फुटेल. हे गणितज्ञांना जुनेच ठाऊक आहे, पण आपले फोन, आपली कागदपत्रे आणि आपले चेहरे ज्या यंत्रणांच्या हाती आहेत, त्यांच्याशी बोलताना आपण ते विसरतो.

आधी हॅशची रचना पाहू. एसएचए-२५६ हे आज जगभर सर्रास वापरले जाणारे हॅश फंक्शन. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केले आणि तिथल्या मानक संस्थेने प्रसिद्ध केले. त्याला एक अक्षर द्या किंवा तीन तासांचा चित्रपट द्या, उत्तर २५६ बिटांचेच येते आणि ते ६४ चिन्हांत लिहिता येते. मजकुराचा प्रत्येक तुकडा आत ६४ फेऱ्यांतून घुसळला जातो. मजकुरातला एकच बिट बदलला, एखादा स्वल्पविराम काढला, तरी उत्तरातले सरासरी निम्मे बिट उलटतात. आयबीएममधले सांकेतिक लिपीचे अभ्यासक हॉर्स्ट फाइस्टेल यांनी १९७३ मध्ये या गुणाला हिमकडा कोसळण्याची उपमा दिली आणि तेच नाव पुढे रूढ झाले.

‘निम्मे बिट उलटतात’ या शब्दांचा नेमका अर्थ ध्यानात घ्यायला हवा. ज्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही अशा दोन फाइलींचे हॅश शेजारी ठेवले, तर त्यांच्यात सरासरी १२८ बिटांचा फरक दिसेल, बहुतेक वेळा ११२ ते १४४ च्या दरम्यान. आता एका स्वल्पविरामाने वेगळ्या असलेल्या दोन फाइलींचे हॅश ठेवा. तिथेही सरासरी १२८, तिथेही ११२ ते १४४. सख्खी जोडी आणि परकी जोडी यांत ओळखू येईल असा कोणताही फरक उरत नाही. दोन हॅश बरेचसे सारखे आहेत, म्हणून मूळ मजकूरही सारखे असावेत, हा अंदाज इथे बांधताच येत नाही. हॅशला एकाच प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे: तेच का? ‘तसेच का?’ या प्रश्नावर तो पूर्ण गप्प असतो.

हे मौन मुद्दाम घडवलेले आहे. समजा, जवळपास पोचलेल्या अंदाजाची चाहूल हॅशमध्ये लागत असती. कळफलकावर टंकता येणारी ९५ रोमन चिन्हे धरली, तर दहा चिन्हांच्या पासवर्डाच्या शक्यता सहावर एकोणीस शून्ये इतक्या होतात. त्या एकेक करून तपासणे आवाक्याबाहेरचे आहे. पण पहिले चिन्ह बरोबर आले की तेवढे जरी कळत असेल, तर पहिल्यासाठी फार तर ९५ प्रयत्न, मग दुसऱ्यासाठी ९५, असे करत ९५० प्रयत्नांत सगळा पासवर्ड हाती येईल. साठ अब्ज अब्जांवरून साडेनऊशेवर. साम्याची थोडीशी चाहूल इतकी महाग पडते. म्हणूनच हॅश घडवणारे लोक वर्षानुवर्षे तिच्याच मागावर असतात, आणि कुठे सापडलीच तर ते फंक्शन निकालात काढण्याची तयारी सुरू होते.

मग ती सूचना येते कुठून? तिचे निर्धोक स्पष्टीकरण दोन प्रकारे देता येते. पासवर्ड बदलण्याच्या पानावर जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड आपणच टंकतो, त्यामुळे त्या क्षणी दोन्ही उघडे समोर असतात आणि तुलना सोपी असते. दुसरा मार्ग जास्त कल्पक आहे. आपण ‘पुणे२०२४’ असा पासवर्ड दिला की संकेतस्थळ त्याचे शेजारी स्वतःच तयार करते, म्हणजे ‘पुणे२०२३’, ‘पुणे२०२५’, शेवटी उद्गारचिन्ह जोडलेला वगैरे. मग त्या प्रत्येकाचा हॅश काढून साठवलेल्या जुन्या हॅशशी ताडून पाहते. हॅशकडून साम्य काढून घेतलेले नाही, तर ‘तेच का?’ हाच प्रश्न अनेकदा विचारला आहे, एवढे इथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. पण दोन वर्षांपूर्वीच्या पासवर्डातली पाच अक्षरे या पासवर्डात जशीच्या तशी आहेत, असे कोणी सांगू लागले, किंवा ग्राहकसेवेतली व्यक्ती पासवर्डाचे तिसरे आणि सातवे अक्षर विचारून पडताळू लागली, तर साध्या हॅशवरून हे शक्य नाही. मूळ पासवर्ड किंवा त्याची उलगडता येणारी प्रत कुठेतरी ठेवलेली आहे, असा संशय तिथे घ्यायलाच हवा. मोठी नावे या बाबतीत जामीन ठरत नाहीत. कोट्यवधी वापरकर्त्यांचे पासवर्ड आपल्या अंतर्गत यंत्रणांमध्ये वाचता येतील अशा स्वरूपात साठवले गेले होते, हे फेसबुकला मार्च २०१९ मध्ये मान्य करावे लागले.

तंत्राने साम्य कितीही पुसले तरी माणसाच्या सवयीतले साम्य पुसले जात नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचांहून कमी प्रयत्नांत ओळखता येतो. दर तीन महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावले की माणसे आकडा एकाने वाढवतात, दुसरे काय करणार? २०१७ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने ही ठरावीक मुदतीची सक्ती करू नये, असे आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत ती अजून चालू आहे. ती थांबवायला हवी.

आता या मौनाची दुसरी बाजू. हॅश मूळ गोष्ट सांगत नाही हे खरे, पण शक्यताच मोजक्या असल्या तर त्याने सांगण्याची गरजच पडत नाही. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या सतरा कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये माहिती अधिकाराखाली बाहेर आली. टॅक्सीचा क्रमांक आणि चालकाचा परवाना क्रमांक झाकण्यासाठी त्यांचे एमडी५ हॅश दिलेले होते. पण असे क्रमांक ठरावीक साच्यातले असतात, सगळ्या शक्यता मिळून अडीच कोटींच्या आत. एका संगणक अभियंत्याने त्या सगळ्यांचे हॅश काढून यादी केली आणि काही तासांत अख्खी नोंदवही उघडी झाली. समजा ते हॅश उलगडले नसते, तरी एका टॅक्सीच्या सगळ्या फेऱ्यांवर एकच माळ होती. ‘तेच का?’ एवढे एकच उत्तर देणाऱ्या हॅशनेसुद्धा एका माणसाचे अख्खे वर्ष एका धाग्यात ओवून दिले होते.

भारतात हा धोका जास्त जवळचा आहे. आपले मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि सहा ते नऊ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारे, म्हणजे शक्यता ४०० कोटी. आधार क्रमांक बारा आकडी असला तरी त्याचा पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, म्हणजे शक्यता ८,००० कोटी. हे आकडे ऐकायला प्रचंड वाटतात, पण एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढते. देशातल्या सगळ्या शक्य मोबाइल क्रमांकांना त्याला काही सेकंद पुरतात, आधार क्रमांकांना मिनिटभरही लागत नाही. म्हणून ‘आम्ही तुमचा क्रमांक हॅश करून पुढे देतो, त्यामुळे तुमची ओळख गुप्त राहते’ हे विधान मला ग्राहकाची दिशाभूल करणारे वाटते. ते लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असला तरीही.

इथून साम्य ओळखणाऱ्या हॅशकडे येऊ. कारण ‘तसेच का?’ हा प्रश्न खोटा नाही, जगाला तो रोज पडतो. १९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होते. त्यांची कंपनी अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र चालवत होती. एकच मजकूर किंचित फरकाने हजार ठिकाणी पडलेला असे आणि शोधणाऱ्याला तेच ते पुन्हा दिसे. तीन कोटी पानांतले प्रत्येक पान दुसऱ्या प्रत्येक पानाशी ताडून पाहणे शक्य नव्हते.

ब्रोडर यांनी काढलेला मार्ग मला गेल्या शतकातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. मजकुराचे काही शब्दांचे तुकडे करायचे, तेही छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले: पहिला ते चौथा शब्द, दुसरा ते पाचवा, तिसरा ते सहावा. दोन मजकुरांचे साम्य म्हणजे दोघांत मिळून जितके वेगळे तुकडे आहेत, त्यांपैकी सामाईक किती, हे प्रमाण. हे प्रमाणही जुनेच आहे. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल जाकार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधल्या दोन ठिकाणच्या वनस्पतींची तुलना त्यानेच केली होती. आता प्रत्येक तुकड्याचा हॅश काढायचा आणि त्यांतला सर्वांत लहान तेवढा ठेवायचा. हॅश कोणाची बाजू घेत नाही, त्यामुळे सर्वांत लहान येण्याची संधी प्रत्येक तुकड्याला सारखीच. म्हणून दोन मजकुरांचा सर्वांत लहान हॅश एकच निघण्याची शक्यता नेमकी त्यांच्या सामाईक तुकड्यांच्या प्रमाणाइतकी असते. शंभर वेगवेगळी हॅश फंक्शने घेऊन हेच केले आणि त्यांतली ७० जुळली, तर साम्य सुमारे ७० टक्के. कादंबरीएवढ्या मजकुराच्या जागी शंभर आकडे पुरतात.

पुढे प्रिन्स्टनमधल्या मोझेस चारिकर यांनी २००२ मध्ये दुसरी रीत दिली. तिच्यात जवळच्या मजकुरांचे हॅश थोड्याच बिटांनी वेगळे निघतात. २००७ मध्ये गूगलच्या अभ्यासकांनी ८०० कोटी पानांसाठी ६४ बिटांचा असा ठसा वापरला आणि तीन बिटांपर्यंतचा फरक असलेली पाने जवळजवळ एकच मानावीत, असे ठरवले. वाङ्मयचौर्य पकडणारी आणि घातक प्रोग्रॅमचे सुधारलेले अवतार हुडकणारी अवजारेही अशाच कल्पनांवर चालतात.

या सगळ्यांच्या मुळाशी काय आहे, ते नीट पाहिले पाहिजे. ब्रोडर यांच्या रीतीत कोणताही हॅश साम्य ओळखत नाही. मोठ्या गोष्टीचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यापाशी ‘तेच का?’ असे विचारले जाते आणि त्या उत्तरांच्या बेरजेतून ‘तसेच का?’चे उत्तर तयार होते. पासवर्डाचे शेजारी तयार करणाऱ्या संकेतस्थळानेही हेच केले होते. पण तुकडा लहान झाला की त्याच्या शक्यताही मोजक्या होतात, टॅक्सीच्या क्रमांकाइतक्याच अंदाज बांधण्याजोग्या. साम्य जितके बारकाईने ओळखायचे तितके तुकडे लहान करावे लागतात, आणि तुकडे जितके लहान तितके गुपित उघडे. टोकाला जाऊन एकेका अक्षराचा तुकडा केला की आपण पुन्हा साडेनऊशे प्रयत्नांवर येऊन पोचतो. हा अभियंत्याचा निष्काळजीपणा नाही, म्हणून हुशार अभियंता आणून तो दूरही करता येत नाही.

वेबपानांच्या बाबतीत याने काही बिघडत नाही, पाने मुळातच उघडी असतात. खासगी छायाचित्रांच्या बाबतीत मात्र बिघडते. मायक्रोसॉफ्टने डार्टमथ महाविद्यालयातल्या हॅनी फरीद यांच्या साहाय्याने २००९ मध्ये फोटोडीएनए हे तंत्र आणले. मुलांच्या लैंगिक शोषणाची आधीच ठाऊक असलेली छायाचित्रे लहान-मोठी केली, त्यांचे रंग बदलले, तरी ते ओळखते. या कामाची गरज निर्विवाद आहे आणि त्याने खरी मुले वाचली आहेत, असे मी मानतो. पण फोटोडीएनएचा हॅश उलटवता येत नाही, हा दावा टिकला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये एमआयटीतल्या एका संशोधकाने नुसत्या हॅशवरून मूळ चित्राची धूसर पण ओळखू येणारी लहान प्रतिमा परत मिळवून दाखवली. साम्य सांगणाऱ्या ठशात चित्राचा अंश असणारच होता, तो बाहेर आला इतकेच.

त्याच वर्षी ५ ऑगस्टला ॲपलने असेच एक तंत्र थेट आयफोनमध्ये बसवण्याचा बेत जाहीर केला. क्लाउडवर जाणारे प्रत्येक छायाचित्र फोनमध्येच तपासले जाणार होते आणि सुमारे ३० चित्रे शोषणाच्या ज्ञात छायाचित्रांच्या यादीशी जुळल्यावर माणूस ती पाहणार होता. काही दिवसांतच बाहेरच्या लोकांनी ते हॅश फंक्शन फोनमधून काढून घेतले आणि एकच हॅश देणारी दोन संपूर्ण वेगळी चित्रे तयार केली. यातही नवल नव्हते. जे फंक्शन जवळच्या चित्रांना एकच उत्तर देण्यासाठी घडवले आहे, त्याला ढकलत ढकलत लांबच्या चित्रापर्यंत नेता येते, कारण ढकलण्याची दिशा ते स्वतःच दाखवते. ॲपलने सप्टेंबरात बेत पुढे ढकलला आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडून दिला. माझ्या मते तो सोडणे योग्यच होते. इथे हॅशला ‘तसेच का?’ विचारले जात होते आणि लोकांना मात्र ‘तेच का?’ची खात्री दिली जात होती. यादीत उद्या आणखी कशाची भर पडेल, हा प्रश्न तर वेगळाच.

आता उलट चूक पाहू, म्हणजे ‘तेच का?’ सांगणाऱ्या हॅशकडून साम्याचा न्याय मागणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅशचे मूल्य लिहायचे असते. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते. जप्तीच्या वेळी काढलेला हॅश सुनावणीच्या वेळी जुळला, तर मधल्या काळात फाइलीला कोणी हात लावला नाही, हे सांगता येते. मात्र नमुन्यात एसएचए-२५६ च्या जोडीला एमडी५ आणि एसएचए-१ हेही पर्याय आहेत. एकच एमडी५ हॅश देणाऱ्या दोन फाइली चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवल्या होत्या, एसएचए-१ च्या बाबतीत गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या गणित संस्थेने २०१७ मध्ये तेच केले. दुसऱ्याच्या फाइलीला जुळणारी नकली फाइल बनवणे अजूनही अतिशय अवघड आहे. पण दोन्ही फाइली स्वतःच तयार करणाऱ्याला हे साधते, आणि न्यायालयात पुरावा तयार करणाराच कधी कधी संशयित असतो. हे दोन पर्याय नमुन्यातून जायला हवेत.

हॅश जुळला नाही, म्हणजे पुराव्यात फेरफार झाला, असे मात्र समजू नये. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ वाटेत आकुंचित होतो. डोळ्यांना तोच दिसला, तरी त्याचा हॅश वेगळा येतो. मराठी मजकुराला तर एवढ्या प्रवासाचीही गरज नाही. ‘दऱ्या’ हा शब्द ऱ, हलन्त आणि या अशा क्रमाने टंकता येतो, तसाच साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि या अशाही क्रमाने टंकता येतो. अनेक फॉन्टांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही, आणि हॅशच्या लेखी ते दोन परके शब्द आहेत. कोणी मराठी दस्त दुसऱ्या कळफलकावर पुन्हा अक्षरशः टंकला आणि हॅश जुळला नाही, तर हॅश बरोबर आहे आणि माणूसही प्रामाणिक आहे. चूक प्रश्न विचारणाऱ्याची असते.

हॅशला ‘डिजिटल अंगठा’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. हा गोंधळ वाढवण्यात तिचाही हात आहे. खऱ्या अंगठ्याचा ठसा दोनदा घेतला तर दोन्ही वेळा नेमका तोच कधीच येत नाही. बोट थोडे तिरपे पडते, घाम असतो, कातडी झिजलेली असते. तिथे सगळा निर्णय साम्यावर होतो. म्हणूनच ठसे, बुबुळे आणि चेहरे हे पासवर्डासारखे हॅश करून ठेवता येत नाहीत.

केंब्रिजचे जॉन डॉगमन यांच्या पद्धतीत बुबुळाची २०४८ बिटांची नोंद होते. दोन वेगळ्या डोळ्यांच्या नोंदींत सुमारे निम्मे बिट वेगळे निघतात, हॅशच्या परक्या जोडीसारखेच. त्याच डोळ्याची नोंद पुन्हा घेतली तर फरक बराच कमी असतो, पण शून्य नसतो. या उरलेल्या फरकाला सामावून घेत पक्की गुप्त किल्ली काढता येईल का, यावर १९९९ पासून गंभीर काम झाले आहे. या क्षेत्रातले लोक सुटणारी माहिती मोजतात आणि छापतात. २००६ मध्ये फेंग हाओ, रॉस अँडरसन आणि डॉगमन यांनी बुबुळापासून १४० बिटांची किल्ली काढून दाखवली. त्याच निबंधात त्यांनी हेही लिहिले की २०४८ बिटांच्या नोंदीत परस्परांवर अवलंबून नसलेले बिट साधारण २४९ इतकेच असतात, आणि त्याच डोळ्याच्या दोन नोंदींतला फरक पोटात घ्यायचा म्हटले की सर्वांत वाईट परिस्थितीत हल्लेखोराविरुद्ध सुमारे ४४ बिटांचेच बळ उरते. ४४ बिट म्हणजे साडेसतरा लाख कोटी शक्यता. आजच्या यंत्रांपुढे हे बळ अपुरे आहे. आधारमध्ये बुबुळांची नोंद आहे, ठशांची आहे, चेहऱ्याचीही आहे, आणि पासवर्डासारखा डोळा बदलून मिळत नाही. साम्यावर चालणारी कोणतीही यंत्रणा लोकांकडे अशी नोंद मागत असेल, तर फरक पोटात घेण्यासाठी तिने किती बिट खर्च केले आणि किती शिल्लक ठेवले, हा आकडा तिने त्या तिघांसारखा स्वतः छापला पाहिजे, आणि तोही नोंद घेण्याच्या आधी.